नवखा संघ किती जिंकेल?

६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री अमेरिकेतल्या कोलंबस शहरात ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ घरच्या मैदानावर, एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर, व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ असा हरला. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल: लांबुळका चेंडू, अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचं मैदान आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न. मुख्य क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा ऑगस्टच्या सरावात दुखावला, म्हणून जे. टी. बॅरेट या कोवळ्या पोरावर जबाबदारी आली होती. सुरुवातीपासून खेळण्याची त्याची ही दुसरीच वेळ. त्याने फेकलेल्या २९ पासपैकी ९ च सहकाऱ्यांच्या हाती लागले, ३ प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि चेंडू हातात असतानाच ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकला ७ वेळा आडवं पाडलं गेलं.

साहजिकच सगळ्यांची बोटं बॅरेटकडे वळली. मला मात्र त्या रात्रीची खरी गोष्ट त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच जणांची वाटते. क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी ही ऑफेन्सिव्ह लाइन: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. आदल्या वर्षीच्या पाचांपैकी चौघांचा कॉलेजचा खेळ संपला होता. उरला होता एकटा टेलर डेकर, आणि तोही उजव्या टोकावरून डाव्या टोकाला हलवलेला. त्याच्या सोबतच्यांपैकी बिली प्राइस तर मुळात बचावफळीत खेळायला आलेला मुलगा.

कॉलेज फुटबॉलमध्ये असं दरवर्षी कुठे ना कुठे घडतंच. खेळाडूला खेळायला साधारण चार मोसम मिळतात, मग तो बाहेर. कधी एकदम दहा-बारा जुने खेळाडू जातात, आणि ऑगस्ट आला की त्या गावात एकच चर्चा: यंदा पोरं नवखी आहेत, कितपत टिकतील? अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनाही, शनिवारी सगळं गाव एका रंगाच्या कपड्यांत रस्त्यावर का उतरतं, हे पहिल्याच सत्रात कळून चुकतं.

या प्रश्नावर हल्ली आकडेमोड होते. बिल कॉनेली हा विश्लेषक मोसमापूर्वीचे अंदाज मांडताना मुख्यतः तीन गोष्टी धरतो: संघाची गेल्या काही वर्षांतली कामगिरी, भरती केलेल्या मुलांचा दर्जा आणि गेल्या वर्षीच्या कामगिरीपैकी किती वाटा उचलणारे खेळाडू परत येताहेत. या तिसऱ्या घटकाचा कल वर्षानुवर्षं दिसतो. परतणारा वाटा मोठा असलेले संघ सरासरीने सुधारतात, तो लहान असलेले सरासरीने घसरतात. पण अनुभव गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे टक्केवारी सांगत नाही. ते शोधायचं तर खेळाडूच्या डोळ्यांत आणि डोक्यात डोकवावं लागतं.

समोर काही बदललं की ते दिसून हातपाय हलायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. सराईत खेळाडूचंही हे मूळ यंत्र फारसं वेगवान नसतं. पर्याय वाढले की वेळ आणखी वाढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये हा संबंध गणिती रूपात मांडला. क्वार्टरबॅकच्या हाती असतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात चार-पाच धावणारे सहकारी, त्यांच्यामागचे बचावपटू आणि अंगावर येणारी माणसं हे सगळं पाहून निर्णय घ्यायचा. अनुभवी मुलगा इथे बाजी मारतो, कारण चेंडू खेळात येण्याआधीच त्याने निम्मे पर्याय बाद केलेले असतात.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली मांडणी ५ सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडून दाखवत. मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली की हा फायदा जवळजवळ नाहीसा होई. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती सरसकट दांडगी नव्हती, त्यांना ओळखीचे पुंजके दिसत होते. पुढे बास्केटबॉलपटूंमध्येही असाच फरक आढळला. बॅडमिंटनवर ब्रूस अ‍ॅबरनेथी यांनी १९८० च्या दशकात प्रयोग केले: फटक्याची चित्रफीत मध्येच तोडायची आणि फूल कुठे पडेल ते विचारायचं. नवशिके रॅकेटकडे पाहून अंदाज बांधत, तर पटाईत खेळाडूंना त्याआधीच्या हाताच्या हालचालीतूनच सुगावा लागे.

व्हर्जिनिया टेकचे बचाव-प्रशिक्षक बड फॉस्टर यांनी त्या रात्री नेमका याच जागी घाव घातला. चेंडू जिथून खेळात येतो त्या रेषेजवळ त्यांनी माणसं थेट आणून उभी केली आणि मागची राखण एकास एक अशी सोडून दिली. धोका मोठा होता. क्वार्टरबॅकने ओळखलं असतं, तर एका लांब पासवर गुण गेले असते. पण बॅरेटच्या आणि त्याच्या लाइनच्या डोक्यात ही मांडणी पुंजका म्हणून अजून बसलेली नव्हती. त्यांना ती सुटी सुटी वाचावी लागत होती.

इथवरचा अनुभव एकेकट्या खेळाडूच्या डोक्यातला. लाइनवर आणखी एक थर असतो, आणि माझ्या मते तोच निर्णायक. गार्ड आणि टॅकल शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांसमोर एकेक बचावपटू. चेंडू हलताच ते दोघे बचावपटू एकमेकांच्या वाटा ओलांडतात: बाहेरचा आत घुसतो, आतला त्याच्या मागून वळसा घालून बाहेर. आता गार्डने आपला माणूस धरून ठेवला तर तो टॅकलवर जाऊन आदळतो आणि मधे दरवाजाएवढी फट पडते. त्याने आपला माणूस टॅकलच्या हवाली करायचा आणि आत येणाऱ्याला स्वतः घ्यायचं. कधी सोडायचं, हे बोलायला वेळ नसतो. गार्डला खांद्याला लागलेल्या खांद्यावरून कळतं की टॅकल तयार आहे. अर्धं पाऊल लवकर सोडलं तरी गेलं, अर्धं पाऊल उशिरा सोडलं तरी गेलं. परक्या मैदानावर तर क्वार्टरबॅकचा आवाजही ऐकू येत नाही. मग गार्ड मागे वळून त्याचा इशारा बघतो, सेंटरला थोपटतो आणि त्या थोपटण्यावर पाचही जण एकाच क्षणी उठतात. कबड्डीतली साखळी जशी दोघांची मिळून असते, एकाने हात ओढला आणि दुसरा जागीच राहिला तर चढाईपटू निसटतो, तसंच हे.

हे कौशल्य जोडीचं आहे, म्हणून मोजायचं तर जोड्या मोजाव्यात. पाच जणांत एकूण १० जोड्या होतात. एक गेला की जुन्या जोड्या उरतात ६. दोन गेले की ३, तीन गेले की १. चार गेले की शून्य. ओहायो स्टेटच्या लाइनवर अनुभवी माणूस एक उरला होता, म्हणजे कागदावर अनुभव २० टक्के. गेल्या मोसमात सामन्यांत नियमितपणे सोबत उभी राहिलेली जुनी जोडी मात्र एकही नव्हती. सगळ्याच जोड्यांचं वजन सारखं नसतं, शेजारच्या जोड्या जास्त मोलाच्या, आणि सरावात त्या आधी जुळलेल्याही असू शकतात. तरी सरळ टक्केवारीपेक्षा हा हिशेब वास्तवाच्या जास्त जवळ जातो. नवखेपणा माणसागणिक सरळ रेषेत वाढत नाही. पहिल्या दोन माणसांतच ७ जोड्या निघून जातात.

खेळाबाहेरही हेच दिसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये मोठ्या विमान अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या अपघातांत ही माहिती उपलब्ध होती, त्यांपैकी ७३ टक्के त्या वैमानिकांच्या एकत्र उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी झाले होते. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हृदयशल्यविशारदांबद्दल लिहिलं. एकच डॉक्टर अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करतो. एका रुग्णालयात त्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या की तिथले निकाल सुधारतात, पण दुसरीकडे त्याचा तितका फायदा होत नाही. हात तोच, ज्ञान तेच, आजूबाजूची माणसं वेगळी.

आता नवख्यांची जमेची बाजू. सरावाने येणारी सुधारणा सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावत जाते. चौथ्या वर्षाच्या खेळाडूला पाच सामन्यांत जे मिळतं, त्याच्या कितीतरी पट पहिल्या वर्षाच्या मुलाला मिळतं. त्यामुळे नवखा संघ सप्टेंबरमध्ये एक असतो आणि नोव्हेंबरमध्ये दुसराच. सरावाचे तास मात्र बेतलेले असतात: मोसमात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, असा एनसीएए या नियामक संस्थेचा नियम. झोपेचाही यात हात आहे. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की बोटांच्या हालचालींचा नवा क्रम शिकल्यावर रात्रभर झोप झाली, तर जादा सरावाशिवाय वेग सुमारे २० टक्के वाढतो. परीक्षा, प्रवास आणि मोबाइल यांत झोप गमावणाऱ्या १८ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शरीराचंही आहेच. लाइनवर १३५ किलोंच्या आसपासची माणसं एकमेकांना ढकलतात. तिथे १८ आणि २२ वर्षांतलं अंतर वजनकाट्यावर आणि ताकदीत दिसतं. पळत पास झेलणाऱ्याला ते कमी भोवतं. म्हणून पहिल्या वर्षाची मुलं पास झेलण्याच्या जागांवर लवकर चमकतात, लाइनवर क्वचित.

तर त्या ओहायो स्टेटचं पुढे काय झालं? पराभवानंतर लाइन तीच राहिली. आठवड्यांमागून आठवडे तीच पाच माणसं एकमेकांशेजारी उभी राहत गेली. ८ नोव्हेंबरला मिशिगन स्टेटच्या मैदानावर त्यांनी ४९-३७ असा विजय मिळवला आणि बॅरेट आता मांडण्या वाचत होता. मग २९ नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला. संघाकडे उरला ऑगस्टमधला तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स. सुरुवातीपासून खेळलेले सामने: शून्य. त्याने विस्कॉन्सिनविरुद्ध ५९-०, अलाबामाविरुद्ध ४२-३५ आणि १२ जानेवारी २०१५ ला अंतिम सामन्यात ओरेगॉनविरुद्ध ४२-२० असे तिन्ही सामने जिंकून दिले. या तीन सामन्यांत इझिकिएल एलियट चेंडू घेऊन ६९६ यार्ड धावला, आणि तेवढी वाट मोकळी केली त्याच लाइनने.

सप्टेंबरचा बॅरेट आणि डिसेंबरचा जोन्स, दोघेही नवखे. एकाच्या पुढे शून्य जुन्या जोड्या होत्या, दुसऱ्याच्या पुढे दहाच्या दहा, प्रत्येकी १२ सामने मुरलेल्या. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नाही. जोन्सचा खांदा तोफेसारखा होता, प्रतिस्पर्धी वेगळे होते. पण एक नवखा खेळाडू जुळलेल्या संघात आला तर खपून जातो आणि पाच नवखे एकदम आले तर नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हल्ली अनुभव विकत आणण्याची सोय झाली आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं आणि २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागलं; २०२४ मध्ये ही एकदाची मर्यादाही गेली. रिकाम्या जागी दुसऱ्या विद्यापीठाचा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा खेळाडू आणायचा. वर्षं भरतात, जोड्या भरत नाहीत. २०२३ मध्ये १३-१ (१३ विजय, १ पराभव) अशी कामगिरी केलेला फ्लोरिडा स्टेटचा संघ बाहेरून आलेल्या अनुभवी खेळाडूंसह २०२४ मध्ये २-१० वर घसरला. कारणं अनेक असतील, त्यांतलं हे एक मी नक्की धरेन. त्याच वर्षी इंडियानाचे नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून डझनभर खेळाडू सोबतच आणले. एकाच पद्धतीत, एकमेकांसोबत खेळलेले. आदल्या वर्षी ३-९ असलेला तो संघ ११-२ वर गेला.

अंदाज बांधताना नशिबालाही जागा ठेवावी लागते. नियमित मोसम फक्त १२ सामन्यांचा. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता बरोबर निम्मी असलेला संघ घेतला, तरी तो ८ किंवा जास्त सामने जिंकण्याची शक्यता १९ टक्के निघते, आणि ४ किंवा कमी जिंकण्याचीही तेवढीच. पाचातल्या एका वर्षी सामान्य संघ भारी वाटेल, एका वर्षी भिकार, आणि संघात काहीच बदललेलं नसेल. म्हणून नवख्या संघाची वेळापत्रिका पाहताना मी एकूण आकड्यापेक्षा अवघड सामने कधी आहेत ते आधी पाहतो. सप्टेंबरमध्ये असतील तर दोन-तीन पराभव गृहीत धरावेत आणि प्रशिक्षकाला हाकलण्याची भाषा थोडी थांबवावी.

२०१५ मध्ये ओहायो स्टेटच्या लाइनवरचे पाचांपैकी चौघं परतले, म्हणजे १० पैकी ६ जोड्या शाबूत. एलियट होता, बॅरेट आणि जोन्स दोघेही होते. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या मोसमापूर्वीच्या क्रमवारीत सर्व मतदारांनी एकमताने त्यांना पहिला क्रमांक दिला. हे तोवर कधीच घडलं नव्हतं. संघ १२-१ असा खेळला. तो एक पराभव झाला २१ नोव्हेंबरला, घरच्या मैदानावर मिशिगन स्टेटकडून १७-१४, अखेरच्या क्षणी मारलेल्या फील्ड गोलवर (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळणारे तीन गुण). मिशिगन स्टेटचा नेहमीचा क्वार्टरबॅक दुखापतीमुळे त्या दिवशी खेळलाच नव्हता, त्याच्या जागी दोन राखीव मुलं आळीपाळीने उतरली होती. एलियटच्या हाती चेंडू फक्त १२ वेळा दिला गेला आणि तो ३३ यार्ड धावला. त्या तीन गुणांपायी बिग टेन या त्यांच्या गटाचं विजेतेपद हुकलं आणि राष्ट्रीय प्लेऑफही.