पाणथळ गवतापासून ऊर्जा

दलदलीत नि तळ्याकाठी वाढणारं बोरू, लव्हाळा, पाणकणीस असलं गवत कापायचं, वाळवून जाळायचं आणि त्यातून उष्णता किंवा वीज काढायची, नाहीतर ओलंच कुजवून बायोगॅस करायचा, अशी ही पद्धत. याचं चांगलं उदाहरण म्हणजे ईशान्य जर्मनीतलं माल्शिन हे छोटं शहर. तिथे २०१४ पासून ८०० किलोवॅटचा बॉयलर कुमेरो तलावाजवळच्या ओल्या कुरणांतल्या गवतावर चालतो आणि गरम पाणी पाइपातून घरांना, शाळेला जातं.

गवत जाळून पर्यावरणाचं कसलं भलं, असं कुणालाही वाटेल, पण खरी गोष्ट जमिनीखाली आहे. ही जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली पूर्ण न कुजता साठत गेलेल्या झाडपाल्याचा थर. शेतीसाठी चर खणून पाणी काढलं की त्या थराला हवा लागते, तो कुजायला लागतो, कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो आणि जमीन दरवर्षी थोडी खचते. जर्मनीतली ९० टक्क्यांहून जास्त पीट जमीन अशीच कोरडी केलेली आहे आणि देशाच्या हरितगृह वायूंपैकी साधारण ७ टक्के तिच्यातून येतात! पाणी परत चढवलं की हे बरंचसं थांबतं (मिथेन वाढतो, पण लांबचा हिशोब फायद्याचाच). मग शेतकऱ्यानं कमवायचं कशावर? तर या गवतावर. ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाचे हान्स योस्टन या ओल्या शेतीचा, म्हणजे पॅलुडिकल्चरचा, वर्षानुवर्षं पाठपुरावा करतायत, २०२१ चा जर्मन पर्यावरण पुरस्कार त्यांना मिळाला तो उगाच नाही.

अडचणी आहेतच. साधा ट्रॅक्टर चिखलात रुततो म्हणून रुंद पट्ट्यांची मशीन लागते, पोलंडमधल्या बिएब्झा खोऱ्यात तर स्की-उतारावर बर्फ दाबणाऱ्या गाड्याच बदलून वापरल्या. गवतातल्या क्लोरीन नि पोटॅशियममुळे बॉयलर गंजतो, राख वितळून चिकटते, त्यामुळे जाळायचं बोरू हिवाळ्यात वाळल्यावर कापलेलं बरं. शिवाय गठ्ठे जागा फार खातात, लांब नेणं परवडत नाही.

आपल्याकडे पुण्याच्या मुळा-मुठेतली जलपर्णी यासाठी डोळ्यासमोर येते, पण तिच्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, वाळवून जाळण्यात अर्थ नाही, तिला बायोगॅसच बरा.