एमडी आणि पीएचडीमधली आडवी रेघ

डॉक्टरकी आणि संशोधनाची पदवी एकाच अभ्यासक्रमात देण्याची चर्चा आपल्याकडे दर काही वर्षांनी उठते आणि विरून जाते. २०२२ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा उठली. बंगळूरच्या विज्ञान संस्थेने ८०० खाटांचे रुग्णालय आणि त्याला जोडून एमडी-पीएचडी सुरू करणार असल्याचे जाहीर केले. त्यासाठी दोन दांपत्यांनी मिळून ४२५ कोटी रुपये देऊ केले. बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचल्या तर अर्ध्या लोकांना हे अमेरिकेतल्यासारखे काहीतरी वाटत होते आणि उरलेल्यांना, एमडी झाल्यावर कोण कशाला पीएचडी करील, हा प्रश्न पडला होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, कारण दोघांच्या डोक्यातली एमडी वेगळी होती.

हा गुंता आधी सोडवायला हवा.

अमेरिकेत एमडी ही पहिली वैद्यकीय पदवी. चार वर्षे कॉलेज, मग चार वर्षे वैद्यकीय शिक्षण, आणि हाती एमडी. म्हणजे आपली एमबीबीएसच. ती मिळवलेला माणूस अजून कशाचाच तज्ज्ञ नसतो, रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत तज्ज्ञ होण्याचे प्रशिक्षण, पुढेच असते. ब्रिटनमध्ये पहिली पदवी बॅचलरची. तिथली एमडी ही बऱ्याच वर्षांच्या कामानंतर प्रबंध लिहून मिळवायची वरची पदवी. ती नसली तरी कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, व्हायला कोणाचे अडत नाही. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठे १८५७ साली लंडनच्या धर्तीवर निघाली, त्यामुळे आपल्याकडेही एमडी आली ती वरची पदवी म्हणून. पुढे विसाव्या शतकात तिचे रूप पालटत गेले. वॉर्डातली तीन वर्षांची नोकरीवजा उमेदवारी, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, आणि या सगळ्याच्या कडेला एक थीसिस. आपली एमडी त्यामुळे अमेरिकन अर्थाने फार उशिराची आणि ब्रिटिश अर्थाने फार कमी संशोधनाची झाली. नाव तेवढे तिन्हीकडे एकच.

जर्मनीचा दाखला इथे उपयोगी पडतो. तिथे बहुसंख्य डॉक्टर विद्यार्थिदशेतच एक छोटा प्रबंध लिहून नावाआधी डॉक्टर लावतात. युरोपातल्या मोठ्या संशोधन-अनुदान संस्थेने मात्र अशी वैद्यकीय पदवी आपोआप पीएचडीच्या तोडीची धरायला नकार दिला आहे. आपल्या एमडीच्या थीसिसबद्दल कोणी एवढे स्पष्ट बोलत नाही. विषय गाइड देतो, एथिक्स कमिटीची परवानगी मिळेपर्यंत पहिले वर्ष सरत येते, रुग्ण ड्युटीतून वेळ मिळेल तसे गोळा होतात, आकडेमोड बाहेरून करून घेतली जाते आणि बाइंडिंग केलेली प्रत विभागाच्या कपाटात जाऊन बसते. त्यातून चांगले काम होतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण चांगले झाले तर ते त्या रेसिडेंटच्या हौसेमुळे आणि गाइडच्या चिकाटीमुळे होते. व्यवस्थेने त्यासाठी वेळ काढून ठेवलेला नसतो.

आता ती आडवी रेघ, म्हणजे पीएचडी नेमकी कोणत्या टप्प्यावर जोडायची हा प्रश्न. अमेरिकन एमडी-पीएचडीत विद्यार्थी पहिली दोन वर्षे वर्गात, मग तीन-चार वर्षे प्रयोगशाळेत आणि शेवटची दोन वर्षे वॉर्डात काढतो. एकूण साधारण आठ वर्षे. पीएचडी पहिल्या वैद्यकीय पदवीच्या पोटात घातलेली असते. प्रयोगशाळेत शिरणारा तरुण पंचविशीच्या आगेमागे असतो, आणि मुख्य म्हणजे डॉक्टर म्हणून त्याला अजून एक डॉलरही कमावता येत नसतो. शिवाय निवड झालेल्याची फी माफ होते आणि वर निर्वाहवेतन मिळते. तिथले वैद्यकीय शिक्षण म्हणजे डोंगराएवढे कर्ज हे ध्यानात घेतले तर या आमिषाची ताकद कळते.

आपल्याकडे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने निवडक महाविद्यालयांत एमडी-पीएचडीची योजना आणली तेव्हा पीएचडी जोडली गेली ती आपल्या एमडीला. हिशेब मांडून पाहा. अठराव्या वर्षी प्रवेश, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे एमबीबीएस. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडला असेल तर वर्षभराचा सरकारी सेवेचा बाँड. एमडीची प्रवेश परीक्षा, नीट-पीजी, पहिल्या फटक्यात निघाली नाही, आणि मनासारखी शाखा हवी असणाऱ्या पुष्कळांची निघत नाही, तर आणखी एक वर्ष. मग एमडीची तीन. म्हणजे अठ्ठाविशी-एकोणतिशी. त्यावर पीएचडीची किमान तीन वर्षे. सहायक प्राध्यापक व्हायचे तर सीनियर रेसिडेन्सीचे वर्ष आहेच. ज्या वयात अमेरिकन विद्यार्थी दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडतो, त्या वयात आपला विद्यार्थी प्रयोगशाळेचे दार पहिल्यांदा ढकलतो. आणि त्याच वेळी नाशिक किंवा कोल्हापुरात त्याच्या बॅचमधल्या मित्राने स्वतःची ओपीडी सुरू केलेली असते. घरचे काही बोलत नाहीत, पण त्यांना काय वाटते ते दिसतेच.

माझ्या मते आपल्याकडची योजना फोफावली नाही याचे मोठे कारण हे आहे. बुद्धीची किंवा उपकरणांची कमतरता हे नंतरचे. अमेरिकेत कमाई सुरू होण्याआधी मागितलेला त्याग आपण कमाई दारात आल्यावर मागितला.

दुसरी बाजूही आहे, आणि ती हलकी नाही. एमडी झालेल्या पॅथॉलॉजिस्टला किंवा बालरोगतज्ज्ञाला रुग्णाकडे पाहून प्रश्न सुचतात, पंचविशीतल्या विद्यार्थ्याला ते सुचतीलच असे नाही. अमेरिकन पद्धतीवर तिथल्याच लोकांचा जुना आक्षेप हा आहे की पीएचडी संपवून माणूस वॉर्डात, मग रेसिडेन्सीत आणि पुढे फेलोशिपमध्ये जातो. तो पुन्हा प्रयोगशाळेत येईपर्यंत त्याने शिकलेले तंत्र शिळे झालेले असते. त्यामुळे पीएचडी रेसिडेन्सीच्या नंतर किंवा तिच्यासोबत करावी असे म्हणणारा गट तिथेही आहे. त्या गटाचे म्हणणे आपल्या रचनेच्या जवळ जाते. फरक एवढाच की त्या काळात त्यांना पगार आणि राखून ठेवलेला वेळ मिळतो.

अमेरिकेत हे सुरू कसे झाले याची गोष्ट छोटी आहे, पण त्यातला एक धागा सहसा सुटतो. क्लीव्हलंडच्या विद्यापीठाने १९५६ मध्ये असा जोड अभ्यासक्रम चालवून पाहिला. १९६४ मध्ये केंद्र सरकारचा पैसा आला. सुरुवात तीन महाविद्यालयांपासून झाली, न्यूयॉर्कमधली दोन आणि शिकागोकडचे एक. आज अशा अनुदानावर पन्नासाहून अधिक ठिकाणी हे अभ्यासक्रम चालतात.

सुटणारा धागा युद्धाचा. १९५० पासून तिथे डॉक्टरांची सक्तीची लष्करभरती होती. सैन्यात जाण्याऐवजी वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संशोधन संस्थेत दोन-तीन वर्षे काढली तरी ती सेवा धरली जाई. व्हिएतनामच्या काळात तिथल्या जागांसाठी देशातल्या उत्तमोत्तम तरुण डॉक्टरांच्या रांगा लागल्या. सैन्यातले मित्र त्यांना चेष्टेने पिवळ्या टोप्यांची पलटण म्हणत. १९६८ साली तिथे रुजू झालेल्या चौघांना पुढे नोबेल मिळाले: दोघांना कोलेस्टेरॉलवरच्या, एकाला कर्करोगाच्या जनुकांवरच्या आणि एकाला पेशींवरच्या संवेदकांच्या (रिसेप्टरच्या) कामासाठी. चौघेही डॉक्टर आणि चौघांपैकी एकाकडेही पीएचडी नव्हती. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि हा ओघ आटला. १९७९ मध्ये तिथल्या एका नामवंत वैद्यकाने, जो पुढे त्याच सरकारी संस्थेचा प्रमुख झाला, संशोधक डॉक्टर ही नामशेष होऊ घातलेली जमात आहे असे लिहिले. जोड पदवीचा इतका बोलबाला असूनही २०१४ च्या सरकारी अहवालात, संशोधन हेच मुख्य काम असलेल्या डॉक्टरांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच निघाले.

आपला जुना इतिहासही पदवीपेक्षा काम करायला मिळालेल्या जागेचाच आहे. देशाच्या वैद्यकीय संशोधन निधीच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ ला मुंबईत प्लेगच्या प्रयोगशाळेत भरली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या या प्रयोगशाळेचा संस्थापक मुळात प्राणिशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हता. याच निधीची १९४९ मध्ये आजची परिषद झाली. त्याच १९४९ मध्ये परळच्याच एका रुग्णालयातल्या हृदयरोगतज्ज्ञाने सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश नियतकालिकात छापून आणला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. एमडी आणि पीएचडी दोन्ही असलेला माणूस शोधायचा तर कलकत्त्याला जावे लागते. तिथल्या एका डॉक्टरने १९०२ मध्ये एमडी आणि १९०४ मध्ये पीएचडी घेतली आणि १९२० च्या सुमारास, शहरातल्या एका वैद्यकीय शाळेच्या नळ-गॅस नसलेल्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात काळ्या आजारावरचे औषध बनवले. जोड अभ्यासक्रमाची कल्पना तेव्हा अमेरिकेतही कोणाच्या डोक्यात नव्हती.

त्यानंतरच्या दशकांत महाविद्यालये वाढली आणि संशोधन मूठभर संस्थांत एकवटले. किती, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखवले. दिल्लीतल्या काही डॉक्टरांनी २००५ ते २०१४ या काळातले ५७९ वैद्यकीय संस्थांचे शोधनिबंध मोजले. वर्षाला शंभराहून जास्त निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५ निघाल्या आणि एकूण निबंधांपैकी ४० टक्के त्यांचेच होते. ३३२ संस्थांनी, म्हणजे ५७ टक्क्यांहून अधिक, दहा वर्षांत एकही निबंध छापला नव्हता.

यावरचा सरकारी उपाय मात्र भलत्याच बाजूने आला. वैद्यकीय शिक्षणाच्या तत्कालीन नियामकाने प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांची अट घातली. २०१५ च्या स्पष्टीकरणात पहिल्या दोन लेखकांनाच गुण, ई-जर्नल चालणार नाहीत आणि नियतकालिकांच्या अमुक सूच्यांत (इंडेक्समध्ये) असलेलीच नियतकालिके चालतील, असे ठरले. त्या यादीत एक अशीही सूची होती की जिच्यात पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके सुखाने नांदत होती. व्हायचे ते झाले. बढतीच्या वर्षी मेलबॉक्समध्ये अशा नियतकालिकांची आमंत्रणे येऊ लागली आणि स्टाफरूममध्ये ‘तुझे किती झाले?’ हा प्रश्न पेपरांबद्दल विचारला जाऊ लागला. हे नियम पुढे बदलले, सैल झाले, २०२० मध्ये संशोधनाचा एक ऑनलाइन कोर्सही सक्तीचा झाला. वॉर्डाच्या रोस्टरमधून संशोधनासाठी एक दिवस मोकळा करावा, असे यातल्या कोणत्याही नियमात आले नाही.

त्याच सुमारास आणखी एक भांडण पेटले होते, ते म्हणजे डॉक्टर नसलेल्या पीएचडीवाल्यांचे. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री यांसारख्या विषयांत वैद्यकीय एमएस्सी आणि पीएचडी असलेले शिक्षक वर्षानुवर्षे शिकवत आले आहेत. आधीच्या नियमांत त्यांना ३० टक्के जागांपर्यंत, बायोकेमिस्ट्रीत ५० टक्क्यांपर्यंत वाव होता. २०२० मध्ये तो एकदम आखडला आणि फार्माकोलॉजी व मायक्रोबायोलॉजीचे दार बंदच झाले. २०२५ च्या नियमांत ते पुन्हा किलकिले केले गेले. डॉक्टरांच्या संघटना एका बाजूला, एमएस्सीवाले दुसऱ्या बाजूला, मधे न्यायालये. एकीकडे डॉक्टरांनी पीएचडी करावी म्हणून योजना काढायच्या आणि दुसरीकडे पीएचडी असलेल्यांना महाविद्यालयातून बाजूला सारायचे, ही विसंगती त्या वादात फारशी कोणाला खटकली नाही.

गेल्या काही वर्षांत परिषदेने एमबीबीएस होताच संशोधनाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आणि नोकरीत असलेल्या तरुण अध्यापकांसाठी पीएचडीच्या नव्या योजना आणल्या आहेत. यातली पहिली योजना ती आडवी रेघ योग्य जागी सरकवते. विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती तर १९७९ पासून चालू आहे आणि ती मिळवलेले कितीतरी जण आज चांगले काम करताना भेटतात. अडचण पुढच्या पायरीवर येते. वैद्यकीय महाविद्यालयात पदे मोजली जातात ती एमबीबीएसच्या जागा, खाटा आणि युनिट यांच्यावरून. तीन दिवस ओपीडी आणि तीन दिवस प्रयोगशाळा असे पद त्या तक्त्यात नाही. त्यामुळे दोन्ही पदव्या घेऊन आलेला माणूस मुलाखतीला बसतो तेव्हा त्याच्यापुढचा अर्ज साध्या सहायक प्राध्यापकाचाच असतो, आणि रुजू झाल्यावर पहिल्या सोमवारी त्याला मिळतो तो ओपीडीचा रोस्टर.