अंगणवाडी सगळ्यांसाठी, पण पोचते कुणापर्यंत?

तालुक्यातल्या अंगणवाड्यांमधल्या मुलांचं सरासरी वजन वाढलं, अशी बातमी आली तर आपण ती चांगलीच मानतो. पण वजन वाढलं ते कुणाचं? समजा रस्त्यालगतच्या गावठाणातली, आई दहावी-बारावी झालेली, घरात आजी असलेली मुलं बाळसेदार झाली आणि डोंगरावरच्या पाड्यातली होती तिथंच राहिली, तरीही सरासरी वाढतेच. योजना यशस्वी ठरते आणि दरीही रुंदावते. वंचित कुटुंबांतल्या लहान मुलांसाठी आखलेल्या योजनांचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट गेल्या पन्नास वर्षांत जगभर वारंवार दिसली आहे, आणि त्यामागची कारणंही आता बऱ्यापैकी उलगडली आहेत.

ज्युलियन ट्यूडर हार्ट हा वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालवणारा डॉक्टर. १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याने लिहिलं, की चांगली वैद्यकीय सेवा लोकांच्या गरजेच्या उलट्या प्रमाणात उपलब्ध असते. जिथे आजार जास्त, तिथे डॉक्टर कमी. २००० साली ब्राझीलच्या सेझार व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालआरोग्याची अनेक वर्षांची आकडेवारी तपासून यात काळाचा धागा जोडला. नवी सेवा सुरू झाली, की ती आधी बऱ्या स्थितीतली कुटुंबं उचलतात. त्यांना माहिती लवकर मिळते, केंद्र जवळ असतं, एक दिवस रोजगार बुडाला तरी चूल पेटते. त्यामुळे सुरुवातीला विषमता वाढते. वरच्या थरातल्या मुलांचं आणखी फारसं काही सुधारण्यासारखं उरत नाही, तेव्हा कुठे खालच्या थराचा नंबर लागतो आणि दरी मिटू लागते. तोवर एखादी पिढी शाळेच्या वयाची होऊन गेलेली असते.

यात कुणाचा दुष्टपणा लागत नाही, हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं. दार सगळ्यांना सारखंच उघडं असतं, फक्त तिथवर चालून येण्याची ताकद सारखी नसते.

इंग्लंडमधल्या ‘शुअर स्टार्ट’चा अनुभव यासाठी बघण्यासारखा आहे. १९९९ मध्ये तिथल्या सरकारने सर्वांत गरीब वस्त्या निवडल्या आणि त्यांतल्या चार वर्षांखालच्या सगळ्या मुलांना सेवा देऊ केली: घरभेटी, खेळगट, आरोग्य सल्ला, पालकांना आधार. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, म्हणजे ‘गरिबांचं केंद्र’ असा शिक्का बसणार नाही, हा त्यातला विचार. पहिलं मोठं मूल्यमापन २००५-०६ च्या सुमारास आलं तेव्हा धक्का बसला. या गरीब वस्त्यांमधल्या त्यातल्या त्यात बऱ्या कुटुंबांना थोडा फायदा झाला होता. अल्पवयीन माता, एकट्या आईने चालवलेली घरं आणि बेरोजगार घरं यांतली मुलं मात्र, योजना नसलेल्या तशाच वस्त्यांतल्या मुलांपेक्षा काहीशी मागे दिसत होती. ज्यांच्याकडे थोडीफार उमेद आणि वेळ होता त्यांनी सेवा आधी वापरल्या, उरलेल्यांच्या वाट्याला कमी आलं, असा एक अंदाज संशोधकांनी मांडला. सतत घरी येणारे सरकारी लोक अडचणीतल्या आईला जाचक वाटले असतील, असा दुसरा.

गोष्ट तिथे संपली नाही. २००८ च्या पुढच्या मूल्यमापनात ते नुकसान दिसलं नाही, उलट सर्व प्रकारच्या कुटुंबांना काही फायदे दिसले. २०२४ मध्ये लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ने आयुष्याच्या पहिल्या पाच वर्षांत अशा केंद्राजवळ राहिलेल्या मुलांचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचे निकाल तपासले. शाळेत मोफत जेवणाला पात्र असलेल्या, म्हणजे गरीब घरच्या मुलांना सगळ्या विषयांत मिळून साधारण तीन श्रेणींचा फायदा झालेला आढळला. पण हा फायदा सुरुवातीच्या केंद्रांचा होता. त्यांच्याकडे भरपूर पैसा होता, वस्तीत फिरून लोकांना जोडून घेण्यावर भर होता आणि कारभारात स्थानिकांचा हात होता. पुढे केंद्रांची संख्या वाढवली, पैसा पातळ झाला, तेव्हाच्या केंद्रांचा असा परिणाम सापडला नाही. हा निष्कर्ष हाती येईपर्यंत २०१० नंतरच्या कपातीत बरीच केंद्रं बंदही पडली होती. मूल सोळा वर्षांचं व्हायला सोळा वर्षं लागतात, सरकार पाच वर्षांत बदलतं.

मुळात एवढा जोर पहिल्या काही वर्षांवरच का? गर्भावस्थेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजारेक दिवसांत मेंदूची वाढ सर्वांत झपाट्याने होते. चेतापेशींच्या जोडण्या प्रचंड संख्येने तयार होतात आणि ज्या वापरल्या जातात त्या टिकतात. याच काळात उंचीही ठरत जाते. या वयात खुंटलेलं मूल पुढे नुसतं चांगलं खाऊन पूर्ण भरपाई करू शकेल याची खात्री देता येत नाही.

जमैकातल्या एका प्रयोगाने यात महत्त्वाची भर घातली. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी उंची खुंटलेली ९ ते २४ महिन्यांची १२९ बाळं निवडली. काहींना आठवड्याला एक किलो दूधभुकटीचा आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविकेची भेट, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही, असं दोन वर्षं चाललं. भेटीत सेविका औषध देत नव्हती. टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, हे ती आईला सोबत बसून दाखवायची. बाविसाव्या वर्षी त्या मुलांना शोधून काढलं, तेव्हा घरभेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती, आणि उंची न खुंटलेल्या मुलांच्या कमाईशी तिने बरोबरी साधली होती. नुसत्या आहाराचा कमाईवर असा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

१२९ मुलं म्हणजे फार नव्हेत, आणि हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा कोलंबियात तिचा परिणाम दोनेक वर्षांत ओसरलेला आढळला. तरी या प्रयोगात कुठल्याही आईला बाळ काखेत मारून कुठे जावं लागलं नव्हतं, सेवा तिच्या उंबऱ्यापर्यंत आली होती, एवढं मी त्यातून उचलतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत हेच केलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांना नवजात बाळांच्या घरी पाठवलं. नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये आला, आणि आशाताई आज बाळंतिणीच्या घरी जातात त्या पद्धतीची मुळं तिथे आहेत.

हे शहाणपण आपल्याकडे त्याआधीही होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा वंचित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसोबत काम करताना दिसलं, की मुलं गुरांमागे जातात आणि थोरल्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यावर कुरणातच शाळा भरवली, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं पाळण्यात ठेवून थोरलीला वर्गात बसता यावं म्हणून. मुलगी शाळेत का येत नाही याचं उत्तर तिच्या काखेतल्या बाळाकडे बघून शोधणं, यापेक्षा चांगलं समतेचं धोरण मला तरी माहीत नाही.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत ११ प्रकल्प आदिवासी भागातले होते. मेळघाटातलं धारणी हे महाराष्ट्रातल्या पहिल्यांपैकी एक. म्हणजे गरज जास्त तिथे आधी, हा विचार आरंभीच होता. विस्तार मात्र संथ आणि असमान झाला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अंगणवाडीच्या आहारासाठी दारिद्र्यरेषेची अट लावू नका. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यायला सांगितलं, आणि सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असंही. न्यायालयाला हे सांगावं लागलं, कारण अंगणवाडी गावात असली तरी ती कोणत्या आळीत आहे यावर कोणाचं मूल तिथे जेवणार हे ठरत होतं.

याचा उपयोग झाला. एका अभ्यासानुसार २००६ ते २०१६ या काळात देशात पूरक आहार मिळणाऱ्यांचं प्रमाण ९.६ वरून ३७.९ टक्क्यांवर गेलं, आणि वंचित जाती-जमातींमध्ये वाढ जास्त होती. पण त्याच अभ्यासात दिसलं, की सर्वांत गरीब पाचवा हिस्सा आणि न शिकलेल्या आया अजूनही मागे होत्या, विशेषतः कुपोषण जास्त असलेल्या मोठ्या राज्यांत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातली सुमारे ४६ टक्के मुलं खुंटलेली होती, सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात सुमारे २३. महाराष्ट्राचा आकडा त्या पाहणीत ३५.२ होता, पण तो पुन्हा सरासरीचाच.

मागे राहणारी ही मुलं असतात कुठे? बीडच्या ऊसतोड कुटुंबाचं उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीच्या आसपास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ‘कोयता’, मुकादमाची उचल फेडायला निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. बाळ सोबत. गावातल्या अंगणवाडीच्या रजिस्टरवर त्याचं नाव असतं, वजनाचा रकाना रिकामा. साखर पट्ट्यात कोप्यांजवळच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांजवळच्या अंगणवाडीत ताई असतात, पण त्यांच्या यादीत हे बाळ नसतं. आई पहाटे फडात गेलेली, अंगणवाडी उघडते तेव्हा आणायला कुणी नाही आणि बंद होते तेव्हा न्यायलाही कुणी नाही. हजारेक दिवसांच्या त्या मोलाच्या काळातले पाचसहा महिने असे दर वर्षी निसटतात. पालघर, नंदुरबार, अमरावतीसारख्या जिल्ह्यांत स्थलांतरित माता-बालकांची ऑनलाइन नोंद ठेवून सेवा त्यांच्या मागोमाग नेण्याचा प्रयत्न राज्याने केला, तो योग्य दिशेचा होता. दुसरीकडे घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवण्याची सक्ती आली आहे. चोरी रोखणं हा हेतू समजतो, पण रेंज नसलेल्या ढाण्यावर, म्हणजे मेळघाटातल्या पाड्यावर, किंवा आई फडात असताना या सक्तीची किंमत कोण मोजतं, हेही मोजायला हवं.

भाषेचा अडसर आकड्यांत दिसतच नाही. मेळघाटातलं कोरकू मूल मुंडा भाषाकुळातली भाषा बोलतं, तिचं मराठीशी नातं नाही. त्याच्यासमोर तीन वर्षांच्या वयात मराठी बडबडगीतं येतात. ताई कोरकू असतील तर निभतं, नसतील तर मूल गप्प बसतं आणि ‘समज कमी’ अशी नोंद होते. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या नावापुढेही तीच नोंद होऊ शकते. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, पण अपंग म्हणून घरीच ठेवलेलं मूल त्या दिवशी अंगणवाडीत असेलच असं नाही.

आणि तीन वर्षांखालची मुलं? त्यांना अंगणवाडीतून मिळतं ते मुख्यतः घरी न्यायचं पाकीट. चार भावंडांच्या घरात ते एकट्या बाळाच्या पोटात जात नाही. जमैकात कमाईवर परिणाम करून गेलेल्या त्या एका तासाची जागा आपल्याकडे या पाकिटाने घेतली आहे. घरभेटी कागदावर सेविकेच्या कामात आहेत. पण तिने मोठ्या मुलांना शिकवायचं, आहारावर देखरेख करायची, वजनं घ्यायची, ॲपमध्ये नोंदी भरायच्या, सॅम-मॅम, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित बालकांचा पाठपुरावा करायचा, शिवाय निवडणूक आली की तेही काम. मग घरभेट होते ती वाटेवरच्या घरी.

तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्या घेऊन यावर सरळ प्रयोग केला. निम्म्या ठिकाणी बालशिक्षणासाठी एक अर्धवेळ ताई जास्तीची दिली. दीड वर्षात मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. आणि पोषणावर वेगळा रुपयाही न घालता खुंटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही घटलं, कारण मूळच्या सेविकेला आरोग्य-पोषणाच्या कामासाठी वेळ मिळाला. तमिळनाडूतली अंगणवाडी मुळातच चांगली चालते. धारणीच्या एखाद्या ढाण्यावर अशी दुसरी ताई दिली, ती कोरकू बोलणारी असली आणि पहिलीला दुपारी वाटेवरून आत वळायला वेळ मिळाला, तर काय होईल, हे मोजून बघण्यासाठी लागणारा खर्च एका अर्धवेळ मानधनाचा आहे.