फ्राइड चिकन गल्लोगल्ली, चांगलं मात्र शोधावं लागतं

कुठल्याही मोठ्या शहरात फ्राइड चिकनचा बोर्ड शोधायला पायपीट करावी लागत नाही. पायपीट होते ती चांगल्या फ्राइड चिकनसाठी. एका ठिकाणी वरचं आवरण टरफलासारखं सुटून हातात येतं, दुसरीकडे मांस सुकून वातड झालेलं असतं, तिसरीकडे बाहेरून खमंग पण आत मिठाचा पत्ता नसतो. कोंबडी, पीठ, मीठ आणि तेल एवढाच ऐवज असलेल्या पदार्थात इतकी तफावत का, याचं निम्मं उत्तर त्या त्या स्वयंपाकघरात मिळतं. उरलेलं निम्मं गेल्या शे-दीडशे वर्षांत कोंबडी, ती तळायची रीत आणि विकायची पद्धत कशी बदलत गेली, त्यात आहे.

आधी तळणीत काय घडतं ते पाहू. तुकडा तेलात पडताच पिठातल्या आणि कातडीतल्या पाण्याची वाफ होते. बुडबुडे दिसतात ते या वाफेचेच. वाफ जोरात बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. पाणी उडत जातं तसं आवरण कडक होतं, त्यावर तांबूस रंग चढतो, आणि कातडीखालची चरबी वितळून आवरणाला आतल्या बाजूनेही तळते. कसलेला आचारी हे कानानेच ओळखतो. सुरुवातीचा खळखळाट ओसरून बारीक चरचर उरली की तुकडा काढायची वेळ झाली. तेल साधारण 160 ते 175 अंश सेल्सिअस हवं. त्याहून गार असेल तर पीठ तेल पितं, त्याहून तापलेलं असेल तर वरून काळपट आणि हाडाजवळ कच्चट. हाडासकट मांडीचा तुकडा नीट व्हायला 15 मिनिटांच्या आसपास जातात. बाहेर काढल्यावरही आतल्या मांसातून वाफ येतच राहते, तीच कवचात मुरते आणि ते सादळतं. म्हणजे हा पदार्थ काही मिनिटांचाच सोबती. रेस्टॉरंटांची सगळी ओढाताण त्या 15 मिनिटांपायी आणि या काही मिनिटांपायी आहे.

छापील कृती बऱ्याच जुन्या आहेत. 1747 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास यांच्या पाककृतींच्या पुस्तकात कोंबडीचे तुकडे व्हिनेगर आणि मसाल्यात मुरवून, दाट पिठात बुडवून डुकराच्या चरबीत तळायला सांगितलं आहे. 1824 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फ यांनी दिलेली कृती आजच्या फ्राइड चिकनच्या आणखी जवळची आहे: तुकडे करा, पिठात घोळवा, मीठ भुरभुरा, भरपूर उकळत्या चरबीत सोनेरी होईस्तोवर तळा. पण पुस्तकं लिहिणाऱ्या बायका वेगळ्या आणि अमेरिकी दक्षिणेतल्या मोठ्या घरांत चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बायका वेगळ्या. तिथे तळणारे हात बहुतेक गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांचे होते. गुरं-डुकरं बाळगायची मुभा गुलामांना सहसा नसे, चार कोंबड्या पाळू देत. त्यामुळे कोंबडीची पारखही त्यांच्याकडेच होती. स्कॉटलंडच्या लोकांनी तळणं आणलं आणि आफ्रिकेतून आणलेल्या लोकांनी मसाला, अशी सुटसुटीत गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला ती पटत नाही. पश्चिम आफ्रिकेत कोंबडीही होती आणि पामतेलात तळण्याची रीतही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं त्यांच्या वाट्याला फक्त मसाला ठेवणं अन्यायाचं वाटतं.

या पदार्थाचा बाजारही त्याच स्त्रियांनी उभा केला. व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल या गावात दोन रेल्वेमार्ग एकत्र येत. यादवी युद्धानंतर तिथल्या कृष्णवर्णीय बायका घरी तळलेलं चिकन मोठमोठ्या तबकांत मांडून, तबक डोक्यावर घेऊन फलाटावर उभ्या राहत आणि डब्याच्या खिडकीतून प्रवाशांना विकत. त्या काळी गाडीत जेवणाची सोय नव्हती. या कमाईवर कित्येकींनी घरं बांधली, मुलं वाढवली. पुढे गाड्यांना जेवणाचे डबे जोडले गेले, वर गावाने विक्रीवर निर्बंध घातले, आणि तो धंदा आटला. विसाव्या शतकात वर्णभेदाचे कायदे असताना दक्षिणेतली बरीच हॉटेलं कृष्णवर्णीयांना आत घेत नसत, म्हणून कुटुंबं प्रवासाला निघताना बुटांच्या रिकाम्या खोक्यात फ्राइड चिकन बांधून नेत. ते बर्फाशिवाय दिवसभर टिके आणि हाताने खाता येई. त्याच समाजाची टर उडवायला पोस्टकार्डांवर आणि जाहिरातींत हाच पदार्थ वापरला गेला, हेही या इतिहासात नोंदवायलाच हवं.

तेव्हाचं चिकन आणि आजचं चिकन यांत मूळ फरक पक्ष्याचाच आहे. कोंबडी अंड्यांसाठी पाळली जाई. खायला मिळायचे ते वसंतात उबवलेल्या पिल्लांतले नर, तेही थोडे वाढल्यावर. म्हणून फ्राइड चिकन हा रविवारचा, पाहुणे आल्यावरचा पदार्थ होता, आणि महागही. 1923 मध्ये डेलावेअर राज्यातल्या सेसिल स्टील यांनी अंड्यांसाठी 50 पिल्लं मागवली आणि चुकून 500 आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवली आणि मांसासाठी विकली. फायदा इतका झाला की बघता बघता सगळा परिसर ब्रॉयलर पाळू लागला. त्याच सुमारास खाद्यातून ड जीवनसत्त्व देता येऊ लागल्यामुळे पक्षी उन्हाशिवाय, बारा महिने घरात वाढवणं जमलं. 1940 च्या दशकात अमेरिकेत जास्त मांसाची कोंबडी घडवण्याची देशव्यापी स्पर्धा भरवली गेली, तिची अंतिम फेरी 1948 मध्ये झाली, आणि जिंकलेल्या संकरांनी पुढच्या ब्रॉयलर जातींचा पाया घातला.

याचा परिणाम किती झाला ते कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या 2014 सालच्या अभ्यासातून कळतं. तिथे 1957 ची जात आणि 2005 ची जात एकच खाद्य देऊन शेजारी वाढवली. 56 दिवसांनी पहिलीचं वजन 900 ग्रॅमच्या आसपास भरलं, दुसरीचं 4.2 किलो. म्हणजे आजीच्या वहीतली कृती ज्या कोंबडीसाठी लिहिली गेली, ती कोंबडीच आता बाजारात सहजी मिळत नाही. जाड छातीचा तुकडा हाडापर्यंत शिजेस्तोवर वरचं आवरण करपतं. यावर दुकानं आपापल्या परीने वाटा काढतात. कुणी कोवळी, लहान कोंबडी मुद्दाम मागवतं, कुणी आठाऐवजी दहा तुकडे करतं, कुणी आधी वाफवून मग तळतं, आणि बरेचजण हाडच काढून टाकतात. माझ्या मते दर्जा इथेच, खरेदीच्या वेळी, निम्मा ठरून जातो. मोठी कोंबडी किलोमागे परवडते, म्हणून ती घेतली जाते, आणि मग पिठात कितीही मसाले घातले तरी व्हायचं नुकसान चुकत नाही.

दुसरा बदल वेळेचा. केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावात हार्लंड सँडर्स 1930 पासून पेट्रोल पंपावर वाटसरूंना जेवण देत. बिडाच्या खोल तव्यात चिकन तळायला त्यांना अर्धा तास लागे आणि गिऱ्हाईक तेवढं थांबायला तयार नसे. आधी तळून ठेवावं तर उरलेलं फेकायची पाळी. 1939 च्या सुमारास प्रेशर कुकर बाजारात आल्यावर त्यांनी त्यात तेल घालून चिकन तळायची युक्ती बसवली. दाबाखाली पाणी 100 अंशांच्या वर जाऊन उकळतं, त्यामुळे मांस निम्म्याहून कमी वेळात शिजतं आणि आतला ओलावाही फारसा उडत नाही. 1952 मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या पीट हार्मन यांनी सँडर्स यांच्या केंटकी फ्राइड चिकनची, म्हणजे आजच्या केएफसीची, पहिली शाखा घेतली आणि 1964 मध्ये सँडर्स यांनी कंपनी 20 लाख डॉलरना विकली. गरम तेल बंद भांड्यात दाबाखाली ठेवणं जोखमीचं काम, म्हणून 1950 च्या दशकात खास प्रेशर फ्रायर बनू लागले आणि छोट्या दुकानांतही पोचले.

प्रेशरमधल्या चिकनचं आवरण उघड्या कढईतल्यापेक्षा मऊ राहतं, कारण वाफ कोंडलेली असते. तरी सगळा दोष त्या यंत्राला देणं बरोबर नाही. यंत्रातून नुकताच निघालेला तुकडा रसरशीत असतो. खरी हानी होते ती नंतर, गरम ठेवायच्या कपाटात. गर्दीच्या वेळी हात तोकडे पडू नयेत म्हणून आधीच तळून ठेवलेले तुकडे त्या कपाटात अर्धा-पाऊण तास बसतात, आणि सँडर्स यांना नको असलेलं शिळेपण तिथे मागच्या दाराने परत येतं. शहरात रेस्टॉरंट निवडताना मी पाहतो ते एवढंच: ऑर्डर दिल्यावर तळणीत टाकतात का. तीन मिनिटांत हाडासकट तुकडा ताटात आला तर तो आधीच तळलेला होता, यात शंका नको. वीसेक मिनिटं थांबा म्हणाले तर आनंदाने थांबावं.

थांबायला लावूनही नाव कमावलेलं ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरातलं प्रिन्स कुटुंबाचं दुकान. 1930 च्या दशकात थॉर्नटन प्रिन्स रात्री उशिरा घरी येतात म्हणून चिडलेल्या मैत्रिणीने रविवारच्या नाश्त्याच्या चिकनवर तिखटाचा मारा केला, आणि अद्दल घडायची सोडून त्यांना ते भलतंच आवडलं, अशी घरात सांगितली जाणारी हकिगत आहे. तळून काढलेल्या तुकड्यावर चरबीत कालवलेलं लाल तिखट फासायचं, खाली साध्या पावाची चकती आणि वर काकडीचं लोणचं, अशी ती रीत. काही दशकं हे चिकन मुख्यत्वे कृष्णवर्णीय वस्तीपुरतंच राहिलं. शहराच्या दुसऱ्या भागातल्या कित्येकांना आपल्याच गावात असं काही मिळतं याचा पत्ता नव्हता. माजी महापौर बिल पर्सेल यांच्या पुढाकाराने 2007 मध्ये त्याचा उत्सव सुरू झाला, 2013 मध्ये दुकानाला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा अमेरिकन अभिजात खानावळींसाठीचा सन्मान मिळाला, आणि 2016 मध्ये केएफसीने ‘नॅशव्हिल हॉट’ नावाचं चिकन देशभर विकायला काढलं. उत्तम चिकन त्याच शहरात इतकी वर्षं होतं. शोधणारे आपल्या ओळखीच्या रस्त्यांपलीकडे गेले नव्हते.

दक्षिण कोरियाची वाट निराळी. 1960 च्या दशकात सोलमध्ये विजेच्या भट्टीत भाजलेली अख्खी कोंबडी लोकप्रिय होती, कारण तळायला पुरेसं तेलच नव्हतं. 1971 च्या सुमारास देशात खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं आणि 1977 मध्ये तुकडे करून तळलेलं चिकन विकणारी पहिली साखळी उभी राहिली. देगू शहरातल्या यून जोंग-ग्ये यांच्या लक्षात आलं की चिकन गार झालं की आवरण टणक होतं आणि खाणाऱ्याच्या टाळ्याला टोचतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी गोड-तिखट रस बनवला, तो आज जगभर पोचला आहे. 1997 च्या आर्थिक संकटात नोकरी गेलेल्या हजारोंनी मिळालेल्या पैशांतून चिकनची दुकानं काढली. भांडवल थोडं, जागा छोटी, आणि शेजारी चार दुकानं. अशा चढाओढीत ढिलाई चालत नाही. स्टार्चचं पातळ आवरण, दोनदा तळणं आणि साफ करून साधारण 1 किलो भरणारी कोंबडी, ही तिथली घडण. दोनदा तळण्यामागचं कारण साधं आहे: पहिल्या खेपेनंतर तुकडा बाहेर ठेवला की आतला ओलावा आवरणात येतो, आणि दुसऱ्या, अधिक तापलेल्या तेलात तो उडून जातो. म्हणूनच घरपोच मागवलं तरी ते बराच वेळ कुरकुरीत राहतं.

जपानमध्ये बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवलेले बोनलेस मांडीचे तुकडे तळतात. ओइता प्रांतातल्या नाकात्सू आणि उसा या गावांत त्यांची खास दुकानं आहेत, तिथे वजनावर मागायचं आणि तळून होईपर्यंत थांबायचं. केएफसीची शाखा जपानात 1970 मध्ये आली आणि 1974 च्या जाहिरातीनंतर नाताळला चिकन घ्यायची प्रथाच पडली.

तेलाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रेस्टॉरंटांत सर्वात जास्त काटकसर तिथेच होते. कोरं तेल रंग कमी देतं. एक-दोन घाणे निघाल्यावर ते उत्तम तळतं. पुढे पिठाचे कण खाली बसून करपत राहतात, तेल दाट होतं, फेस धरतं, आणि तुकड्याला चिकटून राहू लागतं. बऱ्याच युरोपीय देशांत तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं, म्हणजे तेल तापून तापून बिघडताना त्यात तयार होणाऱ्या पदार्थांचं, प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास गेलं की ते टाकून द्यावं लागतं. खाणाऱ्याकडे मोजायचं साधन नसतं, पण खुणा असतात. दारातच जळकट, खवट वास आला, तुकड्याचा रंग सोनेरी-तांबूस नसून काळपट तपकिरी दिसला, किंवा खाल्ल्यावर ओठांना नि टाळ्याला तेलाचा चिकट थर राहिला, तर त्या दिवशी तिथलं तेल निकामी झालेलं आहे. मसाला कितीही झणझणीत असला तरी हे लपत नाही. आणि नव्या ठिकाणी पहिल्यांदा मागवायचं ते मांडीचा तुकडा, हाडासकट, सॉस वेगळा ठेवून. मांडी चुकून दोन-चार मिनिटं जास्त तळली गेली तरी सुकत नाही, त्यामुळे तीही कोरडी निघाली तर छातीच्या तुकड्याची आशाच सोडावी. हाडाजवळच्या मांसाला मिठाची चव असेल, तर कुणीतरी आदल्या दिवशीच ते मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरत घातलेलं असतं, आणि अशा दुकानात पुन्हा जायला हरकत नाही.