लाल कांदा, मीठ आणि पेशीची भिंत

पुस्तकातल्या आकृतीत वनस्पती पेशी चौकोनी, हिरवी आणि प्राणी पेशी गोल, गुलाबी. सूक्ष्मदर्शीखाली कांद्याची पेशी ठेवली की हिरवं काहीच दिसत नाही. कांदा जमिनीत, उजेडाबाहेर पोसतो. तिथे हरितलवकांना, म्हणजे उजेडात अन्न तयार करणाऱ्या हिरव्या कणांना, काम नाही.

पापुद्रा लाल कांद्याचाच घ्या. रसाळ पाकळी उलट्या बाजूला वाकवून मोडली की फुगीर, रंगीत बाजूची पातळ साल लोंबते. ती चिमट्याने ओढून अर्ध्या सेंटिमीटरचा तुकडा पाण्याच्या थेंबात सपाट पसरा. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून तिरकी, सावकाश खाली आणा. धपकन टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि त्यांच्या जाड काळ्या कडांनाच मुलं पेशी समजतात.

शंभरपट मोठं करून पाहिलं की लांबट गुलाबी खोल्या दिसतात. हा रंग पेशीभर पसरलेला वाटला तरी तो असतो रिक्तिकेतल्या रसात. ही पाण्याची पिशवी पेशीची बहुतेक जागा अडवते. पेशीद्रव्य आणि केंद्रक कडेला रेटले जातात.

आता 100 मिलिलिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा, समोरच्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घ्या. काही मिनिटांत गुलाबी भाग आक्रसून भिंतीपासून सुटतो. हाच रससंकोच. भित्तिका, म्हणजे बाहेरची भिंत, जागची हलत नाही. तिच्यातून मीठ आत शिरतं, पण तिच्या आतलं पातळ आवरण, पेशीपटल, त्याला सहजी आत घेत नाही. पाणी मात्र बाहेर जातं. एरवी भित्तिकेला चिकटलेलं, न दिसणारं पटल आता त्या गुलाबी भागाची कड म्हणून कळतं. कोशिंबिरीत मीठ घातल्यावर पाणी सुटतं ते असंच.

लगेच साधं पाणी सोडलं तर पेशी पुन्हा भरते. मीठ फार कडक असेल किंवा उशीर झाला तर पटल फाटतं, मग ती सावरत नाही. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पापुद्र्यात हा प्रयोग होतच नाही: पटल आधीच निकामी, रंग पाण्यात उतरलेला. आयोडीनही पेशी मारतं, म्हणून केंद्रक रंगवायचं काम मिठानंतर.

प्राणी पेशीला पटल आहे, भित्तिका नाही. साध्या पाण्यात पडलेली तांबडी रक्तपेशी फुगून फुटते. वनस्पती पेशीत आत शिरणाऱ्या पाण्याला भित्तिका थोपवते आणि त्याच दाबावर कोवळी पानं ताठ राहतात. शिरेतून द्यायच्या सलाईनमध्ये 0.9 टक्के मीठ असतं ते रक्तपेशी अशा फुटू नयेत म्हणून.

गालाच्या आतली पेशी बघायची तर स्वच्छ इअरबड हलकेच फिरवून तो काचपट्टीवरच्या सलाईनच्या थेंबात घासा, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा छोटा थेंब टाका. पेशी वेड्यावाकड्या, कडा दुमडलेल्या. मध्ये गडद निळं केंद्रक. काहीच दिसत नसेल तर बहुधा उजेड जास्त झालेला असतो. सूक्ष्मदर्शीचा उजेड कमी-जास्त करणारा पडदा थोडा बंद करा. इअरबड जंतुनाशकात टाका.

अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या तंतुकणिका मात्र या साधनावर शोधू नका, त्यांची रुंदी मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. त्या दोन्ही पेशींत असतात. वनस्पतींना हरितलवकं आहेत म्हणून तंतुकणिका लागत नाहीत, हा समज चुकीचा आहे. अन्न तयार केलं तरी ते वापरून ऊर्जा मिळवावीच लागते, रात्रीसुद्धा.

हरितलवकंच पाहायची असतील तर मत्स्यालयातल्या हायड्रिलाचं कोवळं पान घ्या. ते दोनच पेशींच्या थरांचं, कापावं लागत नाही. चारशेपटीला, थोडा वेळ उजेडात ठेवल्यावर, हिरवे ठिपके भिंतीकडेने सरकताना दिसू शकतात.