रुई की मांदार? रंग बघू नका, पाकळ्या बघा
रुई कशी असते हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. तोडलं की भळभळणारा पांढरा चीक, लव असलेली जाड पानं, बोंड उकललं की वाऱ्यावर निघालेल्या म्हाताऱ्या, शनिवारी मारुतीच्या गळ्यातला हार, रथसप्तमीला डोक्यावर ठेवायची सात पानं. हे सगळं तुम्हाला पाठ आहे.

घोळ पुढे होतो. "जांभळी फुलं म्हणजे रुई, पांढरी म्हणजे मांदार" हे वाक्य मी धुळ्यापासून भुसावळपर्यंत इतक्यांदा ऐकलंय की आता मी ते तिथल्या तिथे थांबवतो. परवा एका ओळखीच्या काकांनी बांधावरच्या झुडपाकडे बोट दाखवलं, "हाई मांदार शे, भाऊ." फूल पांढरट होतं खरं, पण झाड मात्र वेगळ्याच जातीचं होतं.

आपल्याकडे रुईच्या दोन जाती आहेत. एक कॅलोट्रॉपिस जायगँटिया, दुसरी कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. पहिली भारतापासून पूर्वेकडे आग्नेय आशियापर्यंत पसरलेली, दुसरी इथपासून पश्चिमेकडे अरबस्तान आणि आफ्रिकेपर्यंत, कोरड्या मुलखात. खान्देशात दोन्ही भेटतात, म्हणून हा गोंधळ आपल्या वाट्याला जरा जास्तच येतो.

आता रंगाचं. जायगँटियाची फुलं बहुतेकदा फिकट जांभळी असतात, पण त्याच जातीत पूर्ण पांढऱ्या फुलांची झाडंही असतात. गणपतीला वाहतात तो पांढरा मांदार, श्वेतार्क, तो हा. म्हणजे जांभळी रुई आणि पांढरा मांदार या दोन जाती नव्हेत, एकाच जातीचे दोन रंग आहेत. उलट प्रोसेराची पाकळी बाहेरून आणि बुडाशी पांढरी, टोकाला आत गडद जांभळी. लांबून बघणाऱ्याला ती पांढरी वाटते आणि तो हात जोडून मोकळा होतो. त्यात भर म्हणजे वनस्पतींच्या काही मराठी याद्यांमध्ये प्रोसेरालाच 'मांदार' म्हटलेलं असतं. पुजाऱ्याचा मांदार वेगळा, यादीतला वेगळा. मला विचाराल तर हे नाव पांढऱ्या जायगँटियालाच राहू द्यावं. लोकांच्या तोंडी ते तिथेच बसलंय.

मग ओळखायचं कसं? एक उमललेलं फूल तोडा आणि तळहातावर ठेवा. मधे पाच कण्यांचा मुकुट दिसेल, तो दोघांतही असतो. त्याच्या भोवतीच्या पाच पाकळ्यांची ठेवण बघा. जायगँटियाच्या पाकळ्या पूर्ण पसरतात, बऱ्याचदा मागे वळतात, किंचित पिळवटतात. मुकुट उघडा पडतो, वरून बघितलं तर सिंहासनावर ठेवल्यासारखा. प्रोसेराच्या पाकळ्या अशा पडत नाहीत. त्या वर उभ्या राहतात, फुलाची वाटी होते आणि मुकुट त्या वाटीत बसतो. वाटीच्या काठावर पाच जांभळे ठिपके, जणू टोकं शाईत बुडवून काढलीत. एकदा हे दोन आकार शेजारी शेजारी बघितले की पुन्हा चूक होत नाही.

फूल उमललेलं नसेल तर कळी बघा. जायगँटियाची कळी अंड्यासारखी लांबट, प्रोसेराची बोरासारखी गोल. तरीही शंका उरली आणि भिंग हाताशी असेल, तर मुकुटाच्या प्रत्येक कण्याच्या टोकाखाली बघा. जायगँटियात तिथे दोन बाजूंना कानांसारखे उंचवटे असतात, प्रोसेरात नसतात. हा शेवटचा निकाल.

पानांवरून, उंचीवरून ओळखायच्या भानगडीत पडू नका. पाणी मिळालं की पान मोठं होतं, न मिळालं की लहान. प्रोसेराचं फूल साधारण लहान असतं, पण तेवढ्यावर पैज लावू नये. सुरवंटांचाही उपयोग नाही. पिवळ्या नारिंगी पंखांचं, काळ्या कडेचं फुलपाखरू, प्लेन टायगर, दोन्हींवर अंडी घालतं. आणि संस्कृतातला मंदार कधीकधी चक्क पांगारा असतो. लाल फुलांचा, काटेरी, शेंगांचा. त्याचा रुईशी काडीचा संबंध नाही.

फूल तोडताना चीक बोटांना लागतो. तो हात डोळ्याला लावू नका, डोळा भयंकर सुजतो आणि नजरेवरही परिणाम होतो. आधी साबणाने हात धुवा. मुलांना बरोबर नेलं असेल तर तोडण्याचं काम तुम्हीच करा.

एका गोष्टीचा मला खरोखर राग येतो. यात्रांमध्ये श्वेतार्काच्या मुळाचे गणपती विकतात. नुसत्या मुळावरून फुलाचा रंग कळायला काही मार्ग नाही, आणि ते मूळ मिळवायला उभं झाड उपटावं लागतं. पद्मालयाला जाताना, किंवा तापीकाठी कुठेही, पांढऱ्या फुलांचं झाड दिसलं तर ते तिथेच राहू द्या. अंगणात मांदार हवाच असेल तर फुलावर आलेलं झाड गाठा, पाकळ्या पसरल्यात का, टोकापर्यंत पांढऱ्या आहेत का ते बघा, मालकाला विचारून एक जून फांदी आणा आणि लावा. पानांवरून मांदार म्हणून विकलेलं रोप घेऊ नका.