कॉर्टिसॉल कमी, तरीही ताण

‘कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक, म्हणजे ताण जितका जास्त तितके कॉर्टिसॉल जास्त’ हे समीकरण इतके रूढ झाले आहे की त्याच्या जोरावर कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या गोळ्या आणि चूर्णे बिनदिक्कत विकली जातात. दार आपटले तरी दचकणाऱ्या, वर्षानुवर्षे युद्धाची दुःस्वप्ने पाहणाऱ्या माजी सैनिकांच्या बाबतीत मात्र हे समीकरण कोलमडते.

या अवस्थेला अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात 1980 साली स्थान मिळाले. आज आपण तिला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार म्हणतो. 1986 साली जॉन मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अशा सैनिकांची लघवी तपासली, तेव्हा तिच्यातील कॉर्टिसॉल तीव्र नैराश्याच्या रुग्णांपेक्षा कमी भरले.

असे का व्हावे? धोका जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला संदेश धाडतो, ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना चेतवते आणि त्या कॉर्टिसॉल स्रवतात. पण हेच कॉर्टिसॉल रक्तातून वर पोचून मेंदूला आणि पीयूषिकेला ‘आता पुरे’ असेही बजावते. हा लगाम किती घट्ट आहे हे पाहण्याची युक्ती मोठी सुरेख आहे. रात्री डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे कृत्रिम औषध द्यायचे, म्हणजे पीयूषिका फसते आणि आवरते घेते. मग सकाळी रक्तातले कॉर्टिसॉल कितपत उतरले ते मोजायचे. तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत ते पुरेसे उतरत नाही, म्हणजे लगाम सैल असतो. रेचल येहुदा यांनी 1993 साली नेहमीच्या निम्मी, म्हणजे 0.5 मिलिग्रॅम मात्रा दिली, तेव्हा पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांत कॉर्टिसॉल इतरांपेक्षा कितीतरी अधिक घसरले. त्यांच्या पांढऱ्या पेशींवर कॉर्टिसॉलचा संदेश टिपणारे ग्राहीही जास्त आढळले होते. थोडक्यात, ‘पुरे’ हा शब्द त्यांच्या शरीराला फार लवकर ऐकू येतो.

तरीही एका रक्तचाचणीवरून निदान होत नाही, कारण हा फरक सरासरीतला आहे आणि पुढच्या सर्वच अभ्यासांत तो दिसलेला नाही. 2019 साली इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या पुरुष सैनिकांच्या अभ्यासात दहा लाखांहून अधिक मोजमापांतून पीटीएसडी ओळखणाऱ्या 28 खुणांचा संच निवडला गेला. त्याची अचूकता 81 टक्के होती.

याहून अवघड प्रश्न हा, की अशी खूण आघाताने उमटते की आधीपासूनच असते. पीटीएसडी असलेल्यांच्या मेंदूत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस लहान दिसतो, म्हणून युद्धानेच तो आक्रसला असे मानले जाई. 2002 साली मार्क गिल्बर्टसन यांच्या गटाने एकसारख्या जुळ्यांच्या अशा जोड्या तपासल्या, ज्यांतला एक भाऊ व्हिएतनाममध्ये लढला होता आणि दुसरा घरीच राहिला होता. तीव्र पीटीएसडी जडलेल्या सैनिकांच्या, युद्ध कधीच न पाहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस तितकाच लहान निघाला.